थोरलीची तब्येत

३ जून

दादा,

तुमच्या धरणावरचा टॉवर वादळात आडवा झाला आणि फोन मुका झाला, हे वाचून आधी वाईट वाटलं, मग जरा बरंच वाटलं. फोनवर तू 'हं, हं, ठेवतो' यापलीकडे बोलत नाहीस. पत्रात निदान पान तरी भरावं लागतं. तुमचा जीपवाला दर आठवड्याला टपाल नेतो-आणतो म्हणालास, तेव्हा आता 'वेळ नव्हता' ही सबब चालायची नाही.

कामाचं सांगते. आपली थोरली कुरकुर करायला लागली आहे. (हो, बाबांच्या गाडीला मी अजून थोरलीच म्हणते, पण फक्त तुझ्याशी. बाकी सगळ्यांसमोर नुसतं 'गाडी'. संसारी बाईनं गाडीला नावानं हाक मारली की लोक काळजीनं बघतात.) सकाळी किल्ली फिरवली की दोन-तीनदा खोकते, मग उठते. पाणी फार पिते, परवा भरलेलं आज निम्म्यावर. चढावर तापते, काटा लाल रेघेला शिवून परत येतो. आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, वर चीं करते. त्या आवाजानं माझे दात आंबतात.

रोज पहाटे पाव आणि बन घेऊन मला घाट उतरावा लागतो, हे तुला ठाऊक आहे. खालच्या कॅन्टीनवाल्यानं स्पष्टच सांगितलंय की एक दिवस माल चुकला तर तो दुसरी बेकरी बघेल. आमचे हे म्हणतात, काढून टाक ती म्हातारी, दारातली जागा तरी मोकळी होईल. मी म्हटलं, दादाला विचारल्याशिवाय नाही.

मोठी आत्या आता कायमची आपल्याकडे आली. तिच्या भाड्याच्या खोल्यांची इमारत पाडायला काढली. जन्मभर छापखान्यात प्रुफं वाचलेली बाई ती, आल्या आल्या माझ्या बेकरीच्या पाटीवरची वेलांटी फिरवायला लावली. एरवी मजेत आहे. फक्त दिवसाआड विचारते, 'माझा भार नाही ना होत तुम्हाला?' मी म्हणते, 'होतोच, उचलून दाखवू?' मग हसते. आई गेल्यावर तिनं आपल्याला वाढवलं, दादा. आता तिला कुठे जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलंय.

तुझी,
ठमी


११ जून

ठमे,

बारकाईनं लिहिलंस, शाबास. गाडी एकाएकी कधीच बंद पडत नाही. ती आधी दहा वेळा सांगते, आणि आपण रेडिओचा आवाज वाढवतो.

सकाळचं खोकणं म्हणजे बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल. तारा सोडव, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासून काढ. सोडा तुझ्याकडे पोत्यानं असेल. पाणी कमी होतंय म्हणजे कुठूनतरी गळतंय. रबरी नळ्या दाबून बघ, चिरा पडल्या असतील तर बदलून घे.

ब्रेकचं मात्र नीट वाच. चीं म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना. चीं थांबून घरघर सुरू झाली, तर पॅड संपलं आणि लोखंडावर लोखंड घासतंय असं समज. त्या अवस्थेत घाट उतरायचा नाही. या वाक्याखाली रेघ मारली आहे, दिसतेय ना?

हे पान गॅरेजवाल्याला दाखव, म्हणजे तो टाळाटाळ करणार नाही.

(पान दोन)

तर थोरलीचं असं आहे. वय झालंय, हे आपण मान्य करायला हवं. सकाळी उठल्या उठल्या कामाला जुंपू नकोस, जरा धुगधुगी येऊ दे. पाणी किती पिते त्यावर रोज लक्ष ठेव. रात्री खाली एक पुठ्ठा घालत जा आणि सकाळी ओला झालाय का बघ. झाला असेल तर रंग कोणता, तेही कळव. डावीकडे झुकते ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. आणि तापलेली असताना तोंड उघडायला लावू नकोस, भस्सकन अंगावर येईल. शांत होऊ दे, मग काय ते बघ. बाहेरून धुऊनपुसून नीटनेटकी दिसते म्हणून आतून धडधाकट आहे, असं धरून चालू नकोस.

नवरोबांना सांग, काढून टाकायची घाई नको. इतकी वर्षं आपल्यासाठी राबली आहे. पण खर्च फारच अंगावर येत असेल, तर तूही भावनेत अडकू नकोस. माझ्या ओळखीचा एकजण आहे, तो अशा जुन्या-पुराण्या घेऊन जातो. कळवलंस तर दारात येऊन नेईल, तुमची जागाही मोकळी होईल.

ऊलट टपाली तब्येत कळव.

दादा


२४ जून

दादा,

तू खरा वैद्य. सोड्यानं बॅटरी घासली आणि थोरली पहिल्या किल्लीत उठली. पुठ्ठ्यावर हिरवे थेंब पडले होते. गॅरेजवाल्यानं खालची नळी काढून दाखवली, वाकवली तर चिरेतून पलीकडचं दिसत होतं. नवी घातली. आता पाणी जिथल्या तिथे आणि काटा मुकाट्यानं मध्यावर. ब्रेकचं काम तेवढं राहिलं. त्याच्याकडे गर्दी होती आणि माझ्याकडे दुप्पट मालाची मागणी. पण गंमत म्हणजे चीं आपोआपच थांबलं, आता नुसती जराशी घरघर येते. तुझं पहिलं पान त्याच्याकडेच राहिलंय, त्यामुळे त्यात काय म्हटलं होतंस ते नीट आठवत नाही, पण आवाज थांबला म्हणजे बरंच असेल.

काळजी आहे ती वेगळीच. मोठ्या आत्याला काय झालंय ते कळत नाही. मी भट्टी पेटवायला उठते तर ही वेणीफणी करून दारात उभी. म्हणते, 'उठले हं मी. पहिल्या हाकेला.' हाक कोणी मारली होती? पाणी पिते ते इकडेतिकडे बघून, चोरून प्यावं तसं. परवा व्हरांड्यात फरशीच्या रेघेवरून चालताना दिसली, एका पावलापुढे दुसरं टाकत, अगदी सरळ. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, 'बघून घे. कुठेही झुकत नाही.' पावाच्या खोक्यांचे पुठ्ठे मी तिच्या पलंगाखाली ठेवते, जागा नाही म्हणून. ते तिला काल दिसले आणि ती अशी लालबुंद झाली की मला वाटलं उंदीर दिसला. 'आत्या, बोल ना काहीतरी,' म्हटलं, तर उत्तर आलं, 'नको बाई, तोंड उघडलं तर अंगावर येईन.'

आज म्हणाली की छापखान्यातली मैत्रीण बायकांच्या निवासात राहते, तिथे तिच्या शेजारची खाट रिकामी आहे, आठ तारखेला जाते. मी रडले, भांडले, ह्यांनीही हात जोडले. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, 'जावईबापू, जागा मोकळी होतेय, आता कशाला?' ह्यांना काही उमजेना. तुझा पत्ता मागून घेतलाय. तू तरी समजाव रे तिला. मी कुठे चुकले तेच मला कळत नाहीये.

ठमी


२६ जून

चि. दादा यास,

एक आशीर्वाद. नेहमी अनेक उत्तम असतात. या वेळी एकच, आणि तोही मध्यम.

तुझ्या पत्राचं दुसरं पान मला मैद्याच्या डब्याखाली सापडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण पहिल्याच ओळीत 'थोरली' हा शब्द दिसला. तुझे वडील मला जन्मभर याच नावानं हाक मारत. ते गेल्यापासून तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, कोणाच्या हातचा पाहिला नव्हता. म्हणून वाचलं.

आधी शुद्धलेखन. 'उलट टपाली'तला उ ऱ्हस्व. तू दीर्घ काढलास. इतकं शिकवून शेवटी हे.

आता मजकूर. पहाटे मला उठवत नाही असं नाही, मी पोरीच्या पायात नको म्हणून पडून राहत होते. डावीकडे झुकते कारण त्या पायातल्या चपलेची टाच झिजली आहे. नीटनेटकी राहते ती तुम्हाला फसवायला नव्हे. पाणी जास्त पिते हे खरं आहे, ते नाकारत नाही. तापते हेही खरं. आत्ताही तापलेलीच आहे. पुठ्ठ्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. बाईमाणसाला काही लाज असते. तू सांगितलंस आणि पोरीनं तो घातलासुद्धा, एवढंच नोंदवते.

अशा जुन्या-पुराण्या घेऊन जाणारा तुझा तो ओळखीचा माणूस पाठवू नकोस. मला पाय आहेत. ठमीला मी याबद्दल एक शब्द बोललेले नाही आणि तूही बोलू नकोस. तिचा जीव आहे माझ्यावर, पण नवरा आहे, धंदा आहे, घर लहान आहे. तिची अडचण मला समजते. तुझी समजत नाही. तू तर तिथे इतक्या लांब, माझी तुला काय अडचण?

लहानपणी तू तापानं फणफणलास, तेव्हा दोन रात्री मी तुझ्या खाली पुठ्ठा घातला नव्हता. मांडी दिली होती.

आत्या


७ जुलै

ठमे,

जीप सुरू करून जीपवाला हॉर्न वाजवतोय, मी तिच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. तुझं आणि आत्याचं पत्र एकाच पिशवीतून आज आलं. दोन्ही उभ्या उभ्या वाचली.

अगं वेडे, तिनं पान दोन वाचलं! नुसतं पान दोन! त्यात 'गाडी' हा शब्द एकदाही नाही. थोरली म्हणजे आपण स्वतः, असं समजली ती. आता ते पान पुन्हा काढून तिच्या डोळ्यांनी वाच, म्हणजे तुलाही घाम फुटेल.

आणि घरघर! चीं थांबलं म्हणजे बरं झालं नाही, संपलं! गाडी जागची हलवलीस तर गॅरेजपर्यंत, सपाट रस्त्यानं, हळू. घाट उतरायचा नाही. चिठ्ठी पोचायला उशीर होईल म्हणून खाली रेंज आली की तुला फोन करायला जीपवाल्याला सांगतोय. निरोप त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलाय, तरी माणूस विसराळू आहे.

खालचं आत्याला दे.

*

ती. मोठ्या आत्यास, साष्टांग नमस्कार. इथे चिखल आहे, तरीही साष्टांगच.

ती थोरली म्हणजे बाबांची गाडी गं. नाव बाबांनीच ठेवलं, आणि तुझ्यावरूनच ठेवलं. म्हणायचे, 'आमच्या थोरलीसारखी आहे. सुरू व्हायला वेळ घेईल, पण भर रस्त्यात सोडून जाणार नाही.' आम्ही पोरं मागच्या सीटवर हसायचो. तुला कोणी कधी सांगितलं नाही, कारण तुला राग येईल असं बाबांना वाटायचं.

जाऊ नकोस. पुठ्ठा गाडीखाली होता.

दादा


१० जुलै

दादा,

आधी शेवट सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आत्या आत्ता स्वयंपाकघरात आहे आणि माझ्या मापाच्या चमच्यांना लेबलं लावते आहे. थोरली दारात उभी आहे, चारही पायांवर ठणठणीत.

आता सुरुवातीपासून. आठ तारखेला माल पोचवून मी घाट चढून परत आले आणि आत्याला बसस्टँडवर सोडायला निघाले. बसस्टँड घाटाखाली. ट्रंक डिकीत, आत्या मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे. मी किल्ली हातात घेऊन रडतेय. तेवढ्यात फोन वाजला. तुझा जीपवाला! म्हणाला, 'ताई, साहेबांचा निरोप आहे. घरघर म्हणजे पॅड संपलं, घाट उतरायचा नाही. आणि दुसरं काहीतरी होतं... थोरली ही थोरली नाही, असं कायतरी. ते चिठ्ठीत येईल.' आणि ठेवला. तीनदा म्हणवून घेतलं होतंस ना!

दुसऱ्या अर्ध्याचा मला काही बोध झाला नाही. पण पहिला अर्धा ऐकून मी किल्ली खाली ठेवली. मी मागे वळून म्हटलं, 'आत्या, आजची बस सोड. आधी थोरलीचे ब्रेक करून घेते.'

आत्या ताडकन म्हणाली, 'मला ब्रेक लावायला निघालीस होय आता!'

'तुला कशाला? थोरलीला. गाडीला गं.'

'गाडीला काय म्हणालीस?'

'थोरली. बाबा म्हणायचे.'

पर्स उघडून तिनं चार घड्या घातलेलं एक पान काढलं. चष्मा लावला आणि प्रुफं वाचायची तशी प्रत्येक ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचायला लागली. मला अक्षर ओळखू आलं आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला.

'पुठ्ठा,' ती म्हणाली.

'गाडीखाली. पाणी गळतं का बघायला.'

'आणि तोंड उघडायला लावू नकोस?'

'रेडिएटरचं झाकण. गरम असताना उघडलं तर वाफ येते.'

'आणि हा, घेऊन जाणारा, ओळखीचा?'

'भंगारवाला, आत्या.'

ती इतकी हसली की चष्मा मांडीवर पडला. मग हसता हसता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पुढच्या सीटवरून मागे वळलेली, मान आखडली, पण हलले नाही. ह्यांनी कोणाला न विचारता डिकीतून ट्रंक काढली आणि आत नेऊन ठेवली.

मग सपाट रस्त्यानं, सायकलच्या वेगानं गॅरेजला गेलो. गॅरेजवाल्यानं पुढचं डावं चाक काढलं आणि मला वाकून बघायला लावलं. पॅडच्या जागी नुसता पत्रा उरलेला, चकतीवर बोट जाईल एवढे चर. 'याच्यावर तुम्ही घाट कधी उतरलात?' त्यानं विचारलं. मी म्हटलं, 'आज पहाटे.' तो म्हणाला, 'उद्याचं मी सांगू शकलो नसतो.' मी तिथल्या टायरवर बसले. आत्यानं माझा हात धरला तो काम होईपर्यंत सोडला नाही. मी त्या पहाटेचं प्रत्येक वळण मनात पुन्हा उतरत होते, दादा, आणि प्रत्येक वळणाला सुटले, सुटले असं वाटत होतं. दोन्ही बाजूंचे पॅड आणि चकत्या नव्या घातल्या, ब्रेकचं तेल बदललं. आता ओढत नाही, ओरडत नाही, पाय ठेवला की शहाण्यासारखी थांबते.

निघताना आत्या म्हणाली, 'ठमे, त्या पानातलं एक मात्र गाडीचं नाही. ते माझंच आहे. पाणी.' महिना-दीड महिना तिला सारखी तहान लागतेय, रात्री उठावं लागतं, जिना चढताना गळून जायला होतं. कोणाला त्रास नको म्हणून बोलली नाही. तुझं पान वाचल्यावर मात्र मनात धास्ती बसली होती. मी गाडी घरी न आणता थेट डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी केली. काल तपासण्यांचे कागद आले. साखर वाढलेली आहे, पण नुकतीच. डोळे, मूत्रपिंडं, पाय, सगळं नीट आहे. एक गोळी, जेवणात थोडी कात्री, रोज चालणं. 'वेळेवर आणलंत,' बाई म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी परत येताना गाडीत गाणं म्हटलं आणि आत्यानं त्यातले शब्द दुरुस्त केले.

तुझी चिठ्ठी आज पोचली. ती आत्यानं माझ्या हातात दिलीच नाही. खिडकीपाशी जाऊन एकटीनं वाचली.

ठमी


२० जुलै

चि. दादास,

अनेक उत्तम आशीर्वाद, मागच्या वेळी कापून घेतलेले धरून.

मी बरी आहे. पहाटे ठमीबरोबर थोरलीतून घाटापर्यंत जाते, वरच्या वळणावर उतरते, ती माल देऊन येईपर्यंत तिथे चालते. येताना ती मला उचलते. गोड बन बंद झाले. बेकरीत राहून गोड बंद ही शिक्षा मोठी आहे, पण भोगते. ब्रेक दाबला की मी कान देते. ठमीला हसू येतं, येऊ दे.

चूक माझी झाली. पान एक हाती नसताना पान दोनवर निकाल द्यायचा नाही, हे मी छापखान्यात नव्या मुलींना शिकवत असे. पण तुला एक सांगायचं आहे. ठमीला सांगितलेलं नाही.

राग आला होता तरी ते पान मी फाडलं नाही. पर्समध्ये ठेवलं होतं आणि रोज एकदा काढून वाचत होते. तू घर सोडून कामावर गेलास तेव्हापासून तुझ्या फोनात माझ्या वाट्याला शेवटचं एकच वाक्य येतं, 'मोठ्या आत्याला नमस्कार सांग.' आणि या वेळी अख्खं पान माझ्या तब्येतीचं. सकाळी कशी उठते, पाणी किती पिते, इतकी वर्षं राबली आहे. अपमानही वाटत होता आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं, की पोरगं लांब राहून एवढं बघतंय. ते पान गाडीचं निघालं तेव्हा सुटल्यासारखं झालं, आणि थोडं हरवल्यासारखंही झालं.

म्हणून आता असं कर. पान दोन सोबत परत पाठवते आहे. चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आहेत. पुढच्या पत्रात हेच पान पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढ, आणि या वेळी ते माझ्यासाठी लिही.

पुठ्ठा तेवढा वगळ.

तुझी,
पहिली थोरली